शनिवारचं टेबल

मला प्रश्न विचारायची खोड आहे. त्या खोडीपायी माझ्या दोन नोकऱ्या गेल्या, एक मिहानकडच्या युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यातली आणि दुसरी सीताबर्डीवरच्या साडीच्या दुकानातली. म्हणून धरमपेठेतल्या बुटीकमध्ये लागले, तेव्हा आईनं रामटेकहून मुद्दाम फोन केला. म्हणाली, "हर्षा, तोंड बंद ठेवजो वं. निदान सहा महिने तरी." मी हो म्हटलं. हो म्हणायला माझं काय जातं?

बुटीक नवरीच्या कपड्यांचं. मालकीण वेदिका, वय चाळिशीच्या अलीकडे, बोलणं साखरेसारखं. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "इथे मॅडम वगैरे कुणी नाही. मी सगळ्यांची दीदी. हे आपलं घर आहे." त्या घरात शिरल्याबरोबर मोबाइल एका स्टीलच्या डब्यात टाकायचे आणि तो डबा दीदीच्या कपाटात जायचा. सुट्टी मागितली की ती विचारायची, "घर सोडून कुणी सुट्टीवर जातं का गं?" समोरच्या काचेच्या खोलीत एसी होता. मागच्या खोलीत सहा मशिनी, कटिंगचं लांब टेबल आणि एक भला मोठा कूलर. कूलर बंद. दमट हवेनं कपड्यांवरची जर काळी पडते, असं दीदीचं म्हणणं. मे महिन्यातल्या नागपुरात जर उजळ राहायची आणि आम्ही काळे पडायचो.

या सगळ्याची सवय होते. मला ज्याची कधीच झाली नाही, ते म्हणजे शनिवारचं टेबल.

आठवडाभरात गिऱ्हाइकाकडून जो कपडा परत आला असेल, तो शनिवारी चार वाजता कटिंगच्या टेबलावर मांडला जायचा. मशिनी बंद. सगळ्यांनी टेबलाभोवती उभं राहायचं, हात मागे. ज्यानं तो शिवला त्यानं पुढे यायचं, "ही चूक माझी आहे" असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं आणि अर्धं ब्लेड घेऊन एकेक टाका उसवायचा. पूर्ण उसवून होईपर्यंत कुणी हलायचं नाही की बोलायचं नाही. दीदी याला "शिकायचा तास" म्हणायची. एक ब्लाउज नीट उसवायला पाऊण तास लागतो, आणि त्या पाऊण तासात कुणी काही शिकलेलं मी पाहिलं नाही. सगळे आपापल्या मनात एवढंच म्हणत असायचे, बरं झालं, आज आपण नाही.

उसवायला पुढे बहुतेक वेळा गोपिकाकाकू असायच्या.

गोपिकाकाकू कुहीकडच्या. बुटीक उघडलं त्या दिवसापासून खिडकीजवळच्या मशीनवर. दीदीपेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या, तरी तिला दीदी म्हणायच्या, तेही मनापासून. त्यांचा हात मी पाहिला आहे. पैठणीच्या काठाचं ब्लाउज शिवताना दोन्ही बाह्यांवरचे मोर त्या असे समोरासमोर आणायच्या की मला हसू यायचं, आता हे दोघं बोलतील म्हणून. अशा बाईचे कपडे परत यावेत? तेही महिन्यातून दोन-दोन? मला काही केल्या पटेना.

माझं काम पुढच्या खोलीत. दीदी नवरीचं माप घ्यायची, मोठ्यानं आकडे सांगायची आणि मी ते कार्डावर लिहायचे. माप दुसऱ्या कुणी घेतलेलं दीदीला चालायचं नाही. तिच्या गळ्यात कायम एक पिवळा टेप असायचा, शिकत असतानाचा, पहिलावहिला. भिंतीवरच्या प्रत्येक फोटोत ती त्या टेपसकट हसते आहे. राग आला की मात्र ती टेपची दोन टोकं दोन मुठींत धरून ताणायची. बोलायची गोडच, फक्त हात ताणत राहायचे. शनिवारी तर पाऊण तास तेच.

दीदीनं माप घेतलं की कार्ड मागच्या खोलीत जायचं. तिथे वामनराव मास्टर कापड कापायचे. साठीला टेकलेला, चहाशिवाय तोंड न उघडणारा माणूस. मग कापलेले तुकडे मशीनवर जायचे. म्हणजे मापात चूक असेल तर ती तिघांपैकी कुणाची तरी. दीदीचं म्हणणं सोपं होतं. मास्टर तेच, मापं तीच, बाकीच्या पोरींचे कपडे बरोबर येतात, मग गोपिकाबाईंचेच का परत येतात? डोळे गेले, दुसरं काय.

काकूंनाही ते पटलं होतं. एप्रिलमध्ये त्यांनी नवा चष्मा केला. मशीनवर वाकून वाकून त्या सुई ओवायच्या तेव्हा सुई पहिल्या झटक्यात ओवली जायची, आणि तरी त्या म्हणायच्या, "दिसत नाही वं मले आता."

मी तोंड बंद ठेवलं होतं, पण डोळे कोण बंद ठेवणार? पहिली गोष्ट मला खटकली ती अशी. लग्न ठरलं की नवऱ्या जेवण सोडतात. एक महिना काकडी खाऊन त्या जेव्हा ट्रायलला येतात, तेव्हा कपडा सैल व्हायला हवा. काकूंचा प्रत्येक कपडा घट्ट होऊन परत यायचा. डोळे अधू झालेला माणूस कधी इकडे चुकेल, कधी तिकडे. सदा एकाच बाजूला कसा चुकेल?

दुसरी गोष्ट त्याहून मजेची होती. बाह्या कधीच चुकायच्या नाहीत. खांदा चुकायचा नाही. करवल्यांचे, छोट्या मुलींचे परकर-पोलके कधी परत आले नाहीत. चूक यायची ती छातीत आणि कमरेत, आणि बाई जितकी अंगानं मोठी, तितकी चूक मोठी. हे लक्षात आलं तेव्हा मी मेट्रोत होते आणि शंकरनगरला उतरायचं विसरले. एक स्टेशन पुढे जाऊन उन्हात चालत मागे आले. डोक्यात एकच, लहान मापात चूक का नाही?

उत्तर मला एका मंगळवारी मिळालं. दीदी जेवणाआधी हात धुवायला गेली आणि टेप खुर्चीच्या पाठीवर राहिला. मी माझ्या पर्समधला टेप काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी धरले. पाच इंचांपर्यंत दोघं जुळे भाऊ. दहापाशी किंचित फरक. पंधराला फरक दिसायला लागला. छत्तीसपाशी दीदीचा टेप माझ्या टेपपेक्षा चांगला अर्धा इंच लांब.

टेप ताणला गेला होता. म्हणजे छत्तीसची छाती त्यावर साडेपस्तीस भरणार, मी कार्डावर साडेपस्तीस लिहिणार आणि ब्लाउज घट्ट होणार. बुटीक उघडल्यापासून सहा वर्षं दर शनिवारी पाऊण तास दोन मुठींत धरून ताणलेला टेप लांबणार नाही तर काय होणार? मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे उडी मारली असती. एखादं कोडं सुटल्याचा आनंद, बस. त्या क्षणी काकू माझ्या मनातही आल्या नाहीत, हे मी आधीच सांगून टाकते.

पण लगेच पुढचा प्रश्न आला. टेप सगळ्यांसाठी खोटा, मग बाकीच्या पोरींचे कपडे बरोबर कसे?

वामनराव दुपारी मागच्या गल्लीत टपरीवर चहा घ्यायचे. मी तिथे गेले आणि सरळच विचारलं, "मास्टरजी, दीदीचा टेप लांब हाये. तुमाले मालूम हाये का?"

त्यांनी कप खाली ठेवला. इकडे तिकडे पाहिलं. "हळू बोल पोरी. दोन वर्षं झाली मले मालूम होऊन."

"मंग?"

"मंग काय? छाती-कमरेले मी कापतानाच अर्धा इंच जास्त देतो. खडूची खूण तिथंच करतो. पोरी खुणेवर शिवतात, कपडा बरोबर बसते."

"अन् काकू?"

वामनरावांनी सुस्कारा टाकला. "गोपिका खुणेवर शिवत नाही ना वं. ती कार्ड पाहते. शिवाच्या आंधी आपला टेप लावते, तिले वाटते मास्टरचा हात चुकला, अन् माह्यासाठी म्हणून गुपचूप अर्धा इंच आत घेते. मले बोलणं बसू नये म्हणून."

सबंध खोलीत एकच बाई कार्डाप्रमाणे चोख शिवत होती आणि तिचाच कपडा चुकत होता.

"तिले सांगत काहून नाही?" मी विचारलं.

"माह्या आंधी नत्थू मास्टर होता इथं. त्यानं दीदीले सांगतलं, टेप बदला म्हणून. पुढचे तीन शनिवार दुसऱ्यांच्या चुका त्याच्या माथी मारून त्याले टेबलाशी उभं केलं. चौथ्या शनिवारी तो आलाच नाही." त्यांनी उरलेला चहा फेकून दिला. "गोपिकेच्या पोटात काही राहत नाही. तिले सांगतलं तं ती सरळ दीदीजवळ जाईन अन् म्हणन, वामनरावनं सांगतलं. मी साठ वर्षांचा झालो पोरी. आता मले कोण ठेवते?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही, पण चहाची टपरी ते बुटीकचं दार एवढ्या अंतरात तो निवला, कारण दारातून आत शिरताना माझ्या लक्षात आलं की आता हे मलाही माहीत आहे.

बुधवारी डबे उघडले तेव्हा काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या सांगू लागल्या, "काल संध्याकाळी डोळ्याच्या डॉक्टरकडे गेली होती. तो म्हणते डोळे चांगले हायेत. मंग हातच गेला असन माहा." वांग्याच्या भाजीकडे पाहत त्या पुढे म्हणाल्या, "लेक म्हणते गावाले जा, आराम कर. पण मशीन सोडून मी कराचं काय वं?" मी तोंड उघडलं. समोर रोशनी बसली होती, सगळ्यांत नवी पोरगी, आणि दीदीच्या कानापर्यंत गोष्टी कोण पोचवतं याचा आम्हा सगळ्यांना अंदाज होता. मी उघडलेल्या तोंडात पोळीचा घास घातला.

मी स्वतःला समजावलं की अजून खात्री करायला हवी. एखादा कपडा आणखी पाहू. मग शनिवार आला.

टेबलावर काकूंचं हिरवं ब्लाउज होतं. मी त्यांच्या अगदी शेजारी उभी होते. "ही चूक माही हाये," त्या म्हणाल्या आणि ब्लेड उचललं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी पाहत होते दीदीच्या मुठींकडे. टेप ताणला जातो, सोडला जातो, पुन्हा ताणला जातो. दर मिनिटाला किती वेळा, हेही मी मोजलं. माझा अंदाज किती बरोबर निघाला, या विचारात मी गुंग होते. उसवून झाल्यावर दीदी गोड आवाजात म्हणाली, "गोपिकाबाई, तुमची काळजी वाटते हो मला. अजून एक पीस परत आला ना, तर मशीन रोशनीला देऊ. तुम्ही ब्लाउजच्या नाड्यांना लटकनं बांधा. बसल्या बसल्या होतं, डोळ्यांना त्रास नाही."

काकूंनी मान डोलावली. त्या रात्री मला चांगली झोप लागली नाही, पण सोमवारी मी कामावर गेले आणि गप्प राहिले. मंगळवारी गप्प राहिले. खुंटीवर भंडाऱ्याच्या एका नवरीचं राणी रंगाचं ब्लाउज तयार लटकत होतं, काकूंनी शिवलेलं. छाती अडतीस. ते परत येणार हे मला जितकं ठाऊक होतं, तितकं माझं स्वतःचं नाव ठाऊक नव्हतं. बुधवारी ट्रायलला नेलं, शुक्रवारी परत आलं.

शनिवारी चार वाजता मशिनी बंद झाल्या. काकू आपणहून पुढे आल्या. त्यांनी खिडकीजवळच्या मशीनवर आधीच कव्हर घालून ठेवलं होतं, बॉबिनचा डबा रोशनीच्या बाजूला सरकवला होता. ते मी पाहिलं. लाज वाटली, भयंकर लाज.

"ही चूक..." काकूंनी सुरुवात केली.

"चूक त्यांची नाही," मी म्हटलं.

शनिवारच्या टेबलाशी दुसऱ्याचा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. दीदीही इतकी चकित झाली की तिला रागवायचं सुचलं नाही. मी कोपऱ्यातला कापड मोजायचा लोखंडी गज आणला, छत्तीस इंचांचा, आणि टेबलावर आडवा ठेवला. "दीदी, तुमचा टेप एक मिनिट द्या."

तिनं दिला. मी टेपचं टोक गजाच्या टोकाला लावलं आणि हातानं सरळ करत दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. गज संपला तिथे टेपवर साडेपस्तीसची रेघ होती. बोलायची गरज पडली नाही. खोलीतल्या प्रत्येकाचा जन्म आकडे वाचण्यात गेलेला.

दीदीनं वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ती हसली. "अगं बाई, एवढंच होय? जुना झालाच होता तो. सोमवारी नवीन आणू." टेप गुंडाळताना तिनं आमच्याकडे एकेक करून पाहिलं. "पण इतके दिवस कुणाच्याच लक्षात आलं नाही? घरातल्या माणसांनी सांगायला नको का मला?" तेवढ्यात पुढे काचेचं दार वाजलं, कुठलीशी नवरी आईला घेऊन आली होती. "गोपिकाबाई, ते ब्लाउज उसवून नीट करून द्या पटकन. लग्न आठ दिवसांवर आहे," असं म्हणून दीदी पुढे गेली. जाताना माझ्याकडे पाहून गोड हसली. माझे पुढचे शनिवार कसे जाणार ते मला त्या हसण्यात स्वच्छ दिसलं.

काकू अजून गजाकडे पाहत होत्या. त्यांनी आपला स्वतःचा टेप काढला, गजाला लावला, छत्तीसला छत्तीस आला. पुन्हा लावून पाहिला. मग त्या वामनरावांकडे वळल्या.

"तुम्ही खूण अर्धा इंच बाहेर कराचे. म्हणजे तुमाले मालूम होतं?"

वामनरावांनी मान खाली घातली. "हो."

"कव्हापासून?"

"दोन वर्षं झाले."

काकूंनी हे ऐकून घेतलं. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी फक्त मनाशी हिशेब लावला, चष्मा, डॉक्टर, सगळे शनिवार. मग माझ्याकडे पाहून त्यांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी माझा हात धरला.

"तू पोरी देवासारखी धावली वं. आज नसती बोलली तं मी गेलीच होती." आणि मग, अगदी सहज, कौतुकानं त्यांनी विचारलं, "तुले कव्हा समजलं?"

काल, असं मला म्हणता आलं असतं. वामनराव माझ्याकडे पाहत होते, पण ते बोलले नसते, त्यांना बोलायची सवय नव्हती. मी म्हणणारही होते. काकूंचा हात माझ्या हातावर होता, सुईनं खरखरीत झालेला.

"मागच्या मंगळवारी नाही," मी म्हटलं. "त्याच्या आंधीच्या."

त्यांनी बोटांवर मोजलं नाही, पण मोजलं. "म्हणजे मागच्या शनिवारच्या आंधी."

"हो काकू."

"तू माह्या बाजूलेच उभी होती."

"हो."

त्यांनी हात काढून घेतला. ओढून नाही, सावकाश. "काहून वं?"

भीती वाटली, असं मी म्हटलं असतं तर ते निम्मं खरं झालं असतं. पण इतक्या दिवसांत एवढी एकच बाई चोख माप देत होती, तिला निम्मं कसं देणार?

"मले पाहाचं होतं," मी म्हटलं. "टेप कसा ताणल्या जाते ते."

काकू माझ्याकडे पाहत राहिल्या. आता त्यांच्या डोळ्यांना काहीच झालेलं नव्हतं.

"मंग पाह्यलं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांनी राणी रंगाचं ब्लाउज उलटं केलं, बाजूच्या शिलाईत आत घेतलेला अर्धा इंच बोटानं शोधला आणि ब्लेड लावलं. बसा असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून आम्ही सगळे टेबलाभोवती तसेच उभे राहिलो.